चिकटपट्टी मीच आणली

पुणे, मंगळवार, रात्र

ती. अण्णा आणि आई,
सा. न. वि. वि.

आधी कबुली देते, मग बाकीचं. रात्री अण्णांच्या तोंडाला लावता तो उशाखालचा चिकटपट्टीचा रोल हरवलेला नाही. बंड्याच्या पोरानं पतंगाला नेला म्हणून त्याला रागावला असाल, तर उद्या त्याच्या हातावर एक पेढा ठेवा. येळवशीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी निघताना तो मीच पिशवीत घातला, उंड्यांच्या डब्याखाली. आई दारात भाकरीचं गाठोडं घेऊन उभी होती आणि मी आतल्या खोलीत गादीचा कोपरा उचलून बघत होते. चाळिशीची बाई, चोरासारखी. मागितला असता तर तुम्ही दिला नसता. "असू दे की, काय खातोय का तो" म्हणाला असता आणि मी गप्प बसले असते. म्हणून मागितलाच नाही.

येळवशीच्या रात्री मी मधल्या खोलीत होते. भज्जी जरा जास्तच झाली होती, झोप येईना. अडीचच्या सुमाराला तुमच्या खोलीतून फुर्र... फुर्र... असा आवाज यायला लागला. मला वाटलं मांजर घुसलं. येऊन बघते तर अण्णा उताणे, नाकावर मास्क, तोंड उघडं, आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून लावलेल्या त्या सीपॅप मशीनचं सगळं वारं नाकातून शिरून तोंडातून बाहेर. ओठ फडफडायलेत. पट्टी मिशीच्या एका टोकाला लोंबत होती. आणि आई, तू उशाशी बसून अंगठ्यानं ती पट्टी परत दाबत होतीस. मला बघून म्हणालीस, "काय करलालीस गं, झोप की."

चार महिने हेच चाललं होतं ना? आणि मी फोनवर रोज विचारायची, "मशीन कसंय?" आणि तू म्हणायचीस, "झ्याक चाललंय." 

तुझ्यावर रागावत नाही. राग आला असेल तर माझाच मला. महालक्ष्म्यांच्या आधी मशीन घेतलं ते मीच. झोपेच्या तपासणीचा कागद मीच वाचला होता: तासाला ३८ वेळा श्वास अडतो किंवा मंदावतो. तीसच्या वर गेलं की डॉक्टर त्याला तीव्र म्हणतात, हेही मीच तुम्हाला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पण मास्क घेताना त्या दुकानातल्या पोरानं अण्णांना खुर्चीत ताठ बसवून, कवळी तोंडात असताना माप घेतलं, "फिट बसलं काका" म्हणाला, आणि मी पैसे देऊन मोकळी झाले. झोपेत तोंड उघडं राहतं का, हे त्यानं विचारलं नाही. आणि मला तर विचारायचीही गरज नव्हती. मला माहीतच होतं.

किल्लारीच्या भूकंपानंतर आपण किती महिने अंगणात झोपलो! ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट. आदल्या दिवशीच गणपती बुडवले होते, आणि चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. त्यानंतर घरात झोपायचं म्हटलं की मी रडायची. अंगणात बाजेवर अण्णा, खाली वाकळेवर आपण दोघी. अण्णांची बसवर नाइट नसली की त्यांचं घोरणं ऐकत मी झोपायची. तोंड उघडं, वर आभाळ. घोरणं चालू म्हणजे सगळं ठीक. मध्येच ते थांबायचं आणि आई, तू हात लांबवून बाजेला धक्का द्यायचीस. मग एक मोठा हुंदका यायचा आणि गाडी परत सुरू. तेव्हा मी हसायची. तू बत्तीस वर्षं रात्रीची ड्युटीच करतीयस, हे आता कळतंय.

अण्णा, आता तुमच्या भाषेत सांगते. एअर ब्रेकची गाडी सकाळी सुरू केल्यावर हवेच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत तुम्ही ती जागची हलवत नव्हता. मी केबिनमध्ये बसून विचारायची, "आता का थांबलाय?" तुम्ही म्हणायचा, "हवा भरू दे." झोपेत घशामागचं मऊ मांस सैल पडून श्वासाची वाट बंद होते. मशीन फुंकर घालून ती वाट उघडी धरतं. जोर म्हणाल तर काहीच नाही. तुमचं अकरावर लावलंय, म्हणजे अकरा सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा दाब. बसच्या टायरपुढं ती नुसती फुंकरच. पण तोंड उघडलं की हवा तिकडून निघून जाते आणि वाट परत मिटते. मशीन बिचारं काटा वर आणायला आणखी हवा मारतं, ती आणखी जोरात तोंडातून जाते. आणि एवढं कोरडं वारं रात्रभर नाकातून एकाच दिशेनं वाहिलं की नाकाचं आतलं कातडं सुजतं, नाक चोंदतं, मग माणूस आणखी तोंड उघडतो. सकाळी जीभ टाळूला चिकटते म्हणता, ती याच्यानं. दुपारी पेपर वाचता वाचता मान टाकता, तीही याच्यानंच. म्हणजे रात्रभर नाकाला नळी लावून झोपायचा त्रास तर होतो, पण फायदा अर्धाच.

मशीनवर सकाळी तो गळतीचा आकडा येतो ना, मी त्या दिवशी बघितला. आपल्या मशीनला मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते. तुमचा ४१ होता.

तर मी ठरवलंय. ठरवलंय म्हणजे केलंच आहे, रागावू नका. इथून डॉक्टरांशी फोनवर बोलले आणि तोंड-नाक दोन्ही झाकणारा मोठा मास्क मागवलाय. गुरुवारी अकरा वाजता लातूरला जायचं, बंड्या जीप घेऊन येईल. किंमत विचारायची नाही. जावयांनाही विचारायची नाही, ते सांगून टाकतील.

आता तुम्ही म्हणणार, पट्टीनं काय वाईट होतं? मोबाइलवर हसत हसत पट्टी लावून दाखवणाऱ्या त्या बाईच्या घरी रात्री लाइट जात नसेल. आपल्याकडं जाते. नाकावर मास्क, तोंडाला पट्टी, नाक चोंदलेलं आणि मशीन बंद पडलं, तर? किंवा रात्री उलटी आली तर? मोठ्या मास्कला एक झडप असते, मशीन बंद पडलं की ती आपोआप उघडून बाहेरची हवा आत घेते. पट्टीला असली काही अक्कल नसते. मी त्या रात्री नंतर झोपलेच नाही, भिंतीला टेकून अण्णांचं पोट वरखाली होताना बघत बसले.

आणि आई, डॉक्टरांनी हनुवटीचा पट्टा सांगितला होता तेव्हा तू एकदम उठून आत गेलीस. नंतर चुलीपुढं म्हणालीस, "जित्या माणसाची हनुवटी बांधू व्हय?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्याआधी तू एकदा अण्णांचा गमछा घेऊन बांधायला गेली होतीस आणि हातच थांबला, हे मला काकूंनी सांगितलं. तेव्हा पट्ट्याचा विषय मी कायमचा सोडला. तसाही त्याचा सगळ्यांना उपयोग होतोच असं नाही; हनुवटी वर राहते, पण ओठांतून हवा सुटायची ती सुटतेच. म्हणून मोठा मास्क. त्याचे पट्टे डोक्यामागून जातात, हनुवटीला गाठ कुठंच नाही. तू बघ एकदा, बरं वाटेल.

अण्णा, मिशीची काळजी करू नका. नाकाचा मास्क वरच्या ओठावर टेकतो, म्हणजे मिशीवरच, आणि तिथूनही हवा निसटते. मोठ्याची कड गालांवरून खालच्या ओठाखाली जाते, मिशी आत ऐसपैस राहते. फक्त दाढी संध्याकाळी करा, खुंटांवर कड नीट बसत नाही. रात्री लघवीला उठायचं तर मास्क काढायचा नाही, पुढची नळी तेवढी चापातून सुटते. आल्यावर खटकन लावायची. तांब्यातलं पाणी प्यायला मात्र मास्क काढावा लागेल. पण ओठ कोरडे पडणार नाहीत तर चार वेळा पाणी कशाला लागेल? पहिल्या दोन-तीन रात्री कोंडल्यासारखं वाटेल. दुपारी रेडिओ ऐकताना अर्धा तास नुसता लावून बसा. हे काही आपल्यावरच आलेलं नवं खूळ नाही. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८० मध्ये हे पहिल्यांदा माणसावर करून बघितलं, धूळ ओढायच्या मशीनचा पंखा उलटा लावून. तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागायचा. चिकटवायचे दिवस गेले, अण्णा.

आता ऐका, आणि आई, तू हे कॅलेंडरमागं लिहून ठेव.

माप आडवं झोपून, मशीन चालू असताना घ्यायला लावा. रात्री कवळी वाटीत ठेवता, मग गाल आत जातात. तेव्हा कवळी काढूनच माप द्यायचं. दुकानातला पोरगा घाई करायला लागला तर बंड्याला पुढं करा. हवा सुटली की पट्टे आवळायचे, हे चूक. फार आवळलं की कड दुमडते आणि जास्तच सुटतं, नाकावर वळ उठतो तो वेगळाच. मास्कच्या पुढं बारीक भोकं असतात, त्यातून वारं येणारच. उच्छ्वासाची खराब हवा तिथूनच बाहेर पडते. आई, त्या भोकांना कापूस लावशील तर बघ! तुझा स्वभाव मला माहीत आहे.

नाकात तूप सोडायचं थांबवा, निदान झोपताना. रबरासारखी ती मऊ कड तेलकट झाली की घसरते. आणि मेडिकलमधून आणता ते नाक मोकळं करायचे थेंब बंद म्हणजे बंद. ते तीन-चार दिवसांचं औषध आहे. महिनोन्महिने घातलं की त्याचा असर उतरल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं, आणि तुम्ही परत घालता. गुरुवारी ती बाटली खिशात घालून डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. ते दुसरा फवारा देतील. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलं.

मशीनच्या हवा ओलसर करणाऱ्या डबीत बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्या हंड्याला कसा पांढरा थर बसतो, तोच तिथं बसेल. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बंड्या आणेल, मेडिकलमधला, बॅटरीच्या दुकानातला नको. उरलेलं पाणी रोज सकाळी तुळशीला. हवा कोमट आणि ओलसर असली की नाक सुजत नाही, म्हणून ती डबी थंडीत बंद ठेवायची नाही. नळीत पाणी साचून गुळगुळ आवाज आला तर नळी वाकळेच्या आत घ्या आणि मशीन पलंगापेक्षा खाली, त्या जुन्या पेटीवर ठेवा. पेटीतल्या गोष्टी मी काढत नाही, घाबरू नका. उताणं झोपलं की जबडा जास्त पडतो. पाठीशी ती लांब उशी लावून कुशीवर झोपा. इन्व्हर्टरची बॅटरी शनिवारी येईल. लाइट गेली तर डबीचं गरम करणं तेवढं बंद करा, मग बॅटरी रात्र काढेल. कड रोज सौम्य साबणानं धुवायची. राख नाही, आई. राखेनं नाही.

आणि एक. मशीनचे आकडे आता माझ्या मोबाइलवर दिसणार आहेत. जावई म्हणाले, अण्णांना पाळत ठेवल्यासारखं वाटेल. मी दोन दिवस विचार केला. तुम्ही नोकरीत असताना प्रत्येक खेपेचा कागद भरून द्यायचा, तेव्हा कुणी तुमच्यावर संशय घेतो असं तुम्हाला कधी वाटलं नाही. तसं धरा. मास्क किती वाजता काढला यावरून मी एकदाही बोलणार नाही, शब्द देते. फक्त गळतीचा आकडा बघेन, आणि तो खाली आला की आईला फोन करेन, म्हणजे ती झोपेल. खरं तर मला तेच हवंय. आई, तू मधल्या खोलीत, दार लोटून, पहाटेपर्यंत सलग झोपावंस. आवाज आला तरी उठायचं नाही. आवाज थांबला तरी उठायचं नाही. जमणार नाही म्हणशील, तरी आठ दिवस करून बघ.

मी पाडव्याला येते. चार दिवस राहीन, या वेळी खरंच चार.

तुमची,
बाय

ता. क. त्या पट्टीनं इथं मसाल्याच्या डब्यांवर नावं चिकटवली. जिरं, धने, काळा मसाला सगळं झालं, रोल संपला. तेव्हा परत मागू नका.