जुन्या घराच्या दस्ताला तपासणी अहवाल जोडा: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: पुनर्विक्रीच्या सदनिकांची तांत्रिक तपासणी व विक्रेत्याचे दोष-निवेदन करारनाम्याचा भाग करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पुणे महापालिका हद्दीत ८० लाखांची जुनी सदनिका पुरुषाच्या नावे घेतली, तर ७ टक्के दराने ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि ३० हजार रुपये नोंदणी फी भरावी लागते. वकील ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी आणि बोजे तपासणारा अहवाल, काढतो. बँकेचा मूल्यांकन करणारा (व्हॅल्युअर) येतो, पण तो मंजूर नकाशा, क्षेत्रफळ आणि बाजारभाव बघतो, कारण त्याला कर्जाच्या तारणाची खात्री करायची असते. भिंत, स्लॅब, नळ आणि वायरिंग बघणारे या व्यवहारात कोणीच नसते. उन्हाळ्यात, ताज्या रंगात घर पसंत होते. जुलैत छतावर डाग उमटतो, तोवर दस्त होऊन गेलेला असतो.

नव्या घराला रेराच्या, म्हणजे स्थावर संपदा कायद्याच्या, कलम १४(३) चा आधार आहे. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. जुन्या घरांसाठीही कायदा अगदीच मुका नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ५५ सांगते की, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. अडचण अशी की, तो सांगितला की नाही, याचा कागद कुठेच तयार होत नाही. उलट करारनाम्यात ‘जागा प्रत्यक्ष पाहून व समजून घेतली आहे’ असे वाक्य घातले जाते आणि तेच पुढे खरेदीदारावर उलटते.

साधारण काळजी घेऊन काय सापडत नाही, हे बाथरूमवरून कळेल. जुन्या इमारतींत तिथला स्लॅब खाली घेऊन वर वीटतुकड्यांचा कोबा भरलेला असतो. टाइल्सच्या सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या, पाणी वाहून जाण्याच्या तोंडाच्या) कडेने पाणी या भरावात उतरते आणि साठून राहते. म्हणून ओल शोधायची ती बाथरूमच्या आत नव्हे, तर पलीकडच्या खोलीत, भिंतीच्या तळच्या फूटभर पट्ट्यात. तिथे रंग फुगतो, क्षारांची पांढरी भुकटी येते. नुकतीच पुट्टी भरली असेल तर डोळा फसतो, पण मॉइश्चर मीटरचा आकडा चढतो. खात्रीसाठी ट्रॅप बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी २४ तास उभे ठेवायचे आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचे. खालच्या शेजाऱ्याचे दार वाजवल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही. दोष निघाला, तर टाइल्स आणि भराव काढून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते, शिवाय खालच्या घराची दुरुस्तीही अंगावर येते.

फॉल्स सीलिंग असेल तर एक दिवा उतरवून त्या भोकातून टॉर्चने वरचा स्लॅब बघावा. त्या खोट्या छताच्या वर अनेकदा स्लॅबच्या उघड्या पडलेल्या सळया निघतात. काँक्रीटमधला अल्कधर्म सळईला गंजापासून वाचवतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड तो वर्षानुवर्षे खात आत सरकतो, आणि किनारपट्टीवर खारी हवा गंजाला आणखी जोर देते. गंजलेली सळई फुगते आणि तिच्यावरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, फोडते. कॉलमच्या कोपऱ्यालगत सरळ उभी भेग दिसली, तर आत सळई गंजल्याची दाट शंका घ्यावी. ती सिमेंटने बुजवणे हा उपाय नव्हे, कारण गंज आत चालूच राहतो. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलीन हे अल्क ओळखणारे रसायन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो, खराब भाग बिनरंगी राहतो. कव्हर २० मिलिमीटर आणि बिनरंगी पट्टा १८ मिलिमीटर असेल, तर सळईकडे फार काळ उरलेला नाही.

आधीच्या मालकाने केलेले फेरफार हा तर जिवाशी खेळ आहे. जुन्या फरशीवरच ४० मिलिमीटर मसाला टाकून २० मिलिमीटर ग्रॅनाइट बसवला, की दर चौरस मीटरला १३० किलोहून जास्त कायमचे वजन वाढते. घरातल्या माणसा-सामानासाठी आरेखनात धरला जाणारा भारच २०० किलो असतो. पाइपसाठी बीमला पाडलेले भोक, बाल्कनी आत घेताना काढलेली भिंत, जागा बदललेला संडास, हे सारे मंजूर नकाशा हातात धरून खोलीगणिक ताडून पाहावे लागते. २०१७ च्या जुलैत घाटकोपरची इमारत कोसळून १७ जण गेले, तेव्हा चौकशीचा रोख तळमजल्यावरच्या फेरफारांकडेच होता.

विजेचे काम त्या मानाने लवकर आटोपते: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, बटण दाबल्यावर पडतो का, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग पोहोचते का, गीझर-एसीची वायर ४ चौरस मिलिमीटरची आहे की दिव्याची दीडचीच ओढली आहे.

आमची मुख्य मागणी एकच आहे. इसार (आगाऊ रक्कम) पावती आणि करारनामा यांच्यात किमान १५ दिवसांची तपासणीची मुदत असावी. अहवालात मोठा दोष निघाल्यास खरेदीदाराला इसार परत घेऊन बाहेर पडता यावे, किंवा दुरुस्तीची रक्कम किमतीतून वळती करता यावी. अहवाल आणि कलम ५५ नुसार विक्रेत्याने सही केलेले दोष-निवेदन, दोन्ही करारनाम्याला जोडावेत. गळती कधी झाली, कोणती भिंत काढली, वॉटरप्रूफिंग कोणत्या वर्षी केले, हे त्या निवेदनात लिहिलेले असावे. विक्रेत्याचाही यात फायदा आहे. त्याने घर बाजारात आणण्यापूर्वीच तपासणी करून घेतली, तर ऐन दस्ताच्या दिवशी किमतीची घासाघीस होत नाही आणि नीट राखलेल्या घराला भाव मिळतो.

तपासनीस स्वतंत्र हवा, याबाबत मात्र कोणतीही सवलत नको. जो दोष शोधतो त्यालाच दुरुस्तीचे कंत्राट मिळता कामा नये, आणि त्याची फी एजंटामार्फत जाऊ नये. अर्हताधारक स्थापत्य अभियंत्यांची नोंदवही शासनाने ठेवावी. कपाटामागची भिंत किंवा बंद खोली यांसारखे जे पाहता आले नाही, तेही अहवालात लिहिणे बंधनकारक करावे.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, सांगितलेले आहेच. त्याची प्रत सोसायटीच्या ना-हरकत दाखल्यासोबत खरेदीदाराला मिळावी. ऑडिट झालेच नसेल, तर दाखल्यात तसे स्पष्ट लिहावे.

सोसायट्या सहकार विभागाकडे, दस्तनोंदणी महसूल विभागाकडे आणि घरांचे धोरण आपल्याकडे आहे. म्हणून तिन्ही विभागांची एकत्र बैठक आपणच बोलवावी, ही विनंती. दोष-निवेदनाच्या नमुन्याचा दोन पानी मसुदा आम्ही त्या बैठकीत सादर करू.

आपले,
पुनर्विक्रीच्या घरांची तपासणी करणारे स्थापत्य अभियंते, पुणे