घरचं पान, पाच बटणं

ती. बाबा, ती. आई,
साष्टांग नमस्कार.

टॅबलेट कुरिअरने पाठवलाय, बुधवारपर्यंत हातात पडेल. चालू केलात की मध्यभागी घराचं चित्र दिसेल. त्यावर बोट ठेवलं की एक पान उघडतं आणि पानावर पाच मोठी बटणं आहेत: आईची नोंद, बाबांची नोंद, तारखा, कागद, वीजबिल. प्रत्येक बटणामागे वेगळी साइट आहे, पण त्यांची नावं तुम्हाला लागणार नाहीत. उद्या एखाद्या साइटचा पत्ता बदलला तर मी इथूनच बटणामागचा पत्ता बदलेन. तुमचं बटण जागचं हलणार नाही.

पान गूगल साइट्सवर केलंय. दादालाही त्यात फेरफार करता येतात, फक्त शेवटी ‘प्रकाशित करा’ दाबायला त्याने विसरू नये. ते राहिलं तर बदल त्याला दिसतो आणि तुम्हाला जुनंच पान दिसत राहतं.

सगळ्यात जास्त वापर नोंदीचा होईल. ‘बाबांची नोंद’ दाबलं की फॉर्म उघडतो आणि त्यात बाबांचं नाव आधीच भरलेलं असतं. म्हणून तर दोघांची बटणं वेगळी ठेवलीत. नाव निवडायला लावलं की चौथ्या दिवशी आईचं बीपी बाबांच्या नावावर चढतं. खाली तीन चौकटी आहेत: वरचं बीपी, खालचं बीपी, उपाशीपोटी साखर. साखर तपासली नसेल त्या दिवशी ती चौकट कोरी सोडा. वहीत लिहितो तसं १३०/८० एकाच चौकटीत लिहू नका, फॉर्म लाल अक्षरांत हटकेल. मधे तिरकी रेघ आली की मागच्या तक्त्याला तो आकडा वाटत नाही आणि आलेख निघत नाही. वरच्या बीपीला ७० ते २५० अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे १३० चे चुकून १३०० झाले तरी फॉर्म पुढे जाऊ देणार नाही. शेवटी ‘सबमिट’ दाबा. ते दाबेपर्यंत तक्त्यात काहीच जात नाही. तारीख-वेळ आपोआप पडते.

आकडा खरा यायचा तर मशीन लावण्याआधी पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला. चहा पिऊन अर्धा तास तरी झालेला असावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही वेळा फॉर्म भरा. (फॉर्मला ‘एकदाच उत्तर’ अशी एक सोय असते, ती बंद ठेवली आहे. नाहीतर दुसऱ्यांदा भरताना फॉर्मने ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ म्हणून अडवलं असतं.)

वरचा आकडा १८० किंवा त्याहून जास्त, किंवा ९० च्या खाली गेला तर मला आणि दादाला लगेच मेल येते. पण त्या मेलवर विसंबू नका, रात्री ती कोणी पाहिलेली नसेल. आकडा एवढा चढलाय आणि छातीत दुखतंय, बोलणं अडखळतंय किंवा एक हात लुळा वाटतोय, तर टॅबलेट बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.

‘तारखा’ म्हणजे आपलं कॅलेंडर. ते तुमच्याच खात्यावर केलंय आणि मला फक्त त्यात लिहिण्याची परवानगी घेतली आहे. माझ्या खात्यावर करून तुम्हाला दाखवलं असतं तर घंटा माझ्याकडे वाजली असती, कारण आठवणीची वेळ ज्याची त्याच्या खात्यावर ठरते. शिवाय टॅबलेटच्या सेटिंगमध्ये कॅलेंडरची बॅटरी ‘अनिर्बंध’ ठेवली आहे, एरवी बॅटरी वाचवण्याच्या नादात घंटाच गप्प होते. बाबांच्या पोस्टाच्या पेन्शनचा हयातीचा दाखला १ नोव्हेंबरला घातलाय. वयाची ८० वर्षं पूर्ण झाली की तो १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेव्हा तारीख महिनाभर अलीकडे आणेन.

‘कागद’मध्ये रिपोर्ट आणि विम्याची पॉलिसी. नवीन रिपोर्ट आला की ड्राइव्हमध्ये अधिकचं चिन्ह, मग ‘स्कॅन करा’. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे रिपोर्ट आपोआप ओळीने लागतात. आधार आणि पॅन यात मुद्दाम टाकले नाहीत, ते डिजिलॉकरमध्येच राहू देत. ‘तुम्हाला प्रवेश हवा आहे’ असं काही आलं तर समजा की टॅबलेटवर दुसरं कुणाचं गूगल खातं उघडलंय. नातवंडांनी गेमसाठी स्वतःचं खातं टाकलं की हमखास हेच होतं. टॅबलेटवर एकच खातं राहू द्या.

वीजबिलाच्या बटणाखाली आपला १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट लिहून ठेवलंय. महावितरणचं पान गूगलवर शोधून कधी उघडू नका, शोधताना खोट्या हेल्पलाइनही समोर येतात. ‘आज रात्री वीज तोडू, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज आला तर बटण दाबून बिल बघा, बाकी थकलेली नसेल तर मेसेज काढून टाका.

पैसे भरायचं बटण नाही आणि ठेवणारही नाही. बिल बघायचं टॅबलेटवर, भरायचं बाबांच्या फोनवरून. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक बघताना लागतो, पैसे घेताना नाही. पैसे मिळण्यासाठी कोणी पिन मागितला तर तो चोर. पैसे गेलेच तर त्याच घडीला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

व्हिडिओ कॉलचं बटणही केलं नाही, व्हॉट्सअॅप तुम्हाला येतंच.

गूगल खात्याचा पासवर्ड आणि अडचणीच्या वेळी खात्यात शिरायला लागणारे दहा बॅकअप कोड एका कागदावर लिहून पाकिटात घातलेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो, वापरला की त्यावर काट मारा. पाकीट देवघराच्या खणात ठेवा, टॅबलेटच्या कव्हरमध्ये नको. बीपीची वही टाकू नका. नेट नसेल त्या दिवशी तीच कामाला येईल, नेट आलं की फॉर्म भरा.

रविवारी सकाळी नऊला व्हॉट्सअॅपवर येते. तेव्हा पहिली नोंद तुम्ही भरायची, मी नुसती बघणार. चष्मा आणि मशीन जवळ ठेवा, आणि चहा त्यानंतर.

तुमची,
मनू