बाबांच्या चार वह्या आणि आयडा वेल्स

शिकागो,
२० मार्च

आदरणीय बाबा आणि आईस,
सविनय जय भीम.

आज तुम्ही पहाटेच उठून चवदार तळ्यावर जाऊन आला असाल, आणि मुंबईहून आलेल्या मंडळींसाठी आईने चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लावली असेल. मला येथे कामावर जावे लागले, तरी दिवसभर मन महाडातच होते. या पत्रासोबत पंचवीस सेंटचे एक नाणे पाठवते आहे. २०२५ साली निघालेल्या या नाण्याच्या एका बाजूला ज्या स्त्रीचा चेहरा आहे, तिचे नाव आयडा बी. वेल्स. मागे फोनवर तिच्याविषयी सांगायला घेतले आणि नेमकी रेंज गेली, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. लिहिण्याचे दुसरे कारण तुमच्या वह्यांचे आहे. त्याकडे शेवटी येते.

तिचा जन्म १८६२ साली मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी गुलाम कृष्णवर्णीय आईबापांच्या पोटी झाला. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि एक लहान भाऊ गेले. सोळा वर्षांच्या या मुलीने धाकट्या भावंडांची वाटणी नातेवाइकांत होऊ दिली नाही, आणि स्वतः शिक्षिकेची नोकरी धरून घर चालवले. हे वाचताना मला आपल्या मोठ्या आत्याची आठवण आली. तिनेही असेच तुम्हा सर्वांना वाढवले आणि स्वतःचे शिक्षण सातवीवर थांबवले.

पुढे ती मेम्फिस शहराजवळ शिकवू लागली. विशीत असताना एकदा आगगाडीच्या बायकांच्या डब्यात बसली असता, कंडक्टरने तिला धूम्रपानाच्या डब्यात जाण्यास सांगितले. ती उठेना, तेव्हा त्याने दंड धरून ओढले. तिने समोरच्या आसनाला पाय रोवले आणि त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. शेवटी तिघांनी मिळून तिला बाहेर काढले, त्या ओढाताणीत तिच्या कोटाची बाही फाटली, आणि डब्यातील काही गोऱ्या स्त्री-पुरुषांनी आसनांवर उभे राहून टाळ्या वाजवल्या. बाबा, त्या प्रसंगात मला सर्वांत जास्त लागल्या त्या या टाळ्या. तिने रेल्वे कंपनीवर दावा लावला. १८८४ साली खालच्या न्यायालयाने तिला ५०० डॉलर भरपाई दिली, आणि १८८७ साली टेनेसी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल फिरवला.

गाडीत वा नाट्यगृहात कोणास रंगावरून अडवू नये, असा कायदा अमेरिकेत १८७५ सालीच झाला होता. परंतु १८८३ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. मला लगेच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा मुंबई विधिमंडळातील बोले यांचा १९२३ चा ठराव आणि महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आठवला. कागदावर तळे खुले झाले होते, पण पाण्याला हात लावायला १९२७ चा मार्च उजाडावा लागला, आणि आपल्या बाजूचा निकाल उच्च न्यायालयातून मिळेपर्यंत १९३७ साल आले. येथील निकाल तिच्या विरुद्ध गेला आणि तिकडचा आपल्या बाजूने लागला, हा फरक फार मोठा आहे. तरी दोन्हीकडे माणसाला आधी जागा सोडायची नाही असे ठरवावे लागले.

दाव्यानंतर ती लिहू लागली. मेम्फिसमध्ये ‘फ्री स्पीच’ नावाच्या वर्तमानपत्राची ती भागीदार आणि संपादक झाली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर तिने लेख लिहिला, आणि १८९१ साली तिची शिक्षिकेची नोकरी गेली. तुम्ही तेहतीस वर्षे शिक्षक होता, त्यामुळे हे लिहिण्यास काय धैर्य लागते ते तुम्हांला वेगळे सांगायला नको. या वर्तमानपत्राची एक गोष्ट मी वरचेवर वाचते. निरक्षर लोक ‘फ्री स्पीच’ मागत, आणि काही विक्रेते त्यांना दुसरेच वर्तमानपत्र देऊन फसवत. म्हणून तिने ते गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली, म्हणजे अक्षर न येणाऱ्या माणसालाही आपले पत्र रंगावरून ओळखता यावे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. तिनेही तो गुलाबी कागद बरोबर उचलला असता.

मार्च १८९२ मध्ये तिचा जवळचा मित्र टॉमस मॉस आणि त्याचे दोन साथीदार यांना जमावाने तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. मॉस पोस्टमन होता, आणि तिघांनी चालवलेले किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलत होते, अपराध एवढाच. तोवर, ज्यांना जमाव मारतो त्यांनी बायकांवर अत्याचार केलेले असतात, या प्रचारावर तिचाही काहीसा विश्वास होता. मॉसला ती घरच्यासारखी ओळखत होती, त्यामुळे तो विश्वास त्या दिवशी गळून पडला. तिने मेम्फिसच्या आपल्या लोकांना शहर सोडण्यास सांगितले, आणि हजारो लोक खरोखरच पश्चिमेकडे निघून गेले. ट्रामगाड्या इतक्या रिकाम्या धावू लागल्या की कंपनीचे अधिकारी तिच्या कचेरीत येऊन, लोकांना पुन्हा गाडीत बसायला सांगा, अशी विनंती करू लागले. मे महिन्यात तिने अत्याचाराच्या आरोपांचा खोटेपणा उघड करणारा मजकूर छापला. ती प्रवासात असताना जमावाने कचेरी उद्ध्वस्त केली, आणि परतलीस तर जीव घेऊ, असा निरोप आला. ती दक्षिणेत राहायला पुन्हा गेली नाही.

मात्र माझ्या दृष्टीने तिचे खरे काम येथून पुढचे आहे. गावोगावच्या झुंडबळींची तिने चौकशी केली, आणि १८९५ साली शंभर पानांच्या आसपासची एक पुस्तिका काढली. तिच्यात मृताचे नाव, तारीख, गाव आणि लावलेला आरोप अशा याद्याच्या याद्या आहेत. हे आकडे तिने गोऱ्यांच्याच ‘शिकागो ट्रिब्यून’ या दैनिकातून उचलले, म्हणजे अतिशयोक्तीचा आळ घेण्यास कोणाला जागा उरू नये. अत्याचाराचा नुसता आरोपसुद्धा जेमतेम एक तृतीयांश मृतांवर होता, हे त्या याद्यांनीच दाखवले. त्या वाचणे सोपे नाही. मी एका रात्री चार पाने वाचली आणि दिवा मालवून बसून राहिले. तिचा संताप मला तिच्या भाषणांपेक्षा या कोरड्या याद्यांत अधिक जाणवतो, कारण एकही माणूस नोंदीवाचून जाऊ नये अशी त्यांत जिद्द आहे.

आता तुमच्या वह्या. पणजोबा खाडीकाठच्या आपल्या वाडीतून चालत महाडच्या १९२७ च्या परिषदेला गेले. त्यांच्याकडून आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेले तुम्ही चार वह्यांत उतरवून ठेवले. २०२१ च्या जुलैत सावित्री नदीचे पाणी घरात शिरले, तेव्हा ट्रंकेतल्या त्या वह्या भिजल्या, आणि तुम्ही पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालून त्या वाळवल्या. दोन वह्यांची शाई फुटली आहे. गेल्या मे महिन्यात त्या उघडून तुम्ही म्हणालात, “आता कोण वाचणार?” त्यातले एक पान मला पाठ आहे: “शिमग्यानंतरचा सोमवार. विहिरीवर कळशी फोडली. पोर घरी रिकामे आले.” ते पोर म्हणजे आजी, हे मला आईने सांगितले, वहीत तिचे नाव नाही, सालही नाही.

आयडाने साठीत आत्मचरित्र लिहायला घेतले, कारण एका तरुण मुलीने भर सभेत तिची थोरवी सांगितली होती, आणि या बाईंनी केले तरी काय, असे कोणी विचारल्यावर त्या मुलीला उत्तर देता आले नव्हते. ते लेखन पुरे झाले नाही; १९३१ साली ती वारली, तेव्हा शेवटचे वाक्य अर्ध्यावर तुटलेले होते. मुलीने ते जपून १९७० साली प्रसिद्ध केले.

म्हणून माझी विनंती आहे. धाकट्याला सांगून चार नव्या वह्या आणवा, लांब पानांच्या. जुन्या वह्यांतले जे वाचता येते ते उतरवताना प्रत्येक ठिकाणी माणसाचे नाव, वाडी आणि साल घाला. साल आठवत नसेल तर त्या वर्षी कोणाचे लग्न झाले, कोण मुंबईला गिरणीत लागले, हे आईला विचारा. तिला ते सारे ठाऊक असते. शाई फुटलेल्या पानांचे फोटो मला पाठवा, मी येथे मोठे करून पाहीन. आणि सुरुवात त्या शिमग्यानंतरच्या सोमवारपासून करा, आजीच्या नावाने.

आईच्या गुडघ्याचे तेल संपले असेल तर कळवा.

तुमची,
मोठी