ओंकारच्या खुब्याबद्दल

बर्मिंगहॅम

ती. दादा आणि सौ. वहिनी यांना,
शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओ कॉलवर मी ओंकारला म्हणाले, "बसून बसून पाय आखडलेत तुझे, जरा गंगेवर, गोदाकाठी, चक्कर मारून ये." तो काहीच बोलला नाही. उठला आणि भिंत धरून आत गेला. रोज दुसऱ्यांच्या मुलांना चालवणारी मी फिजिओ, आणि घरच्या पोराला आळशी समजले. फोनवर आई मध्येच बोलते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितेय.

गुडघा दुखतो म्हणून तुम्ही गुडघ्याचा एक्स-रे काढलात, तो नॉर्मल आला. पण खुब्याचं दुखणं मुलांना पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. मला एव्हीएनची शंका येते. मांडीच्या हाडाचा जो गोल माथा खुब्यात बसतो, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तेवढं हाड मरतं. सुरुवातीला एक्स-रेत काही दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतं. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांना दोन्ही खुब्यांच्या एमआरआयबद्दल विचारा. एका बाजूला असेल तर दुसरीकडेही असू शकतं.

दादा, यात तुमची चूक नाही. वहिनी, तुझ्या स्वयंपाकाची तर मुळीच नाही. ज्या डेक्साने, म्हणजे डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने, त्याच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी मारल्या, तेच हाडांना नडतं, आणि दहा वर्षांपुढच्या मुलांना जास्त. ओंकार तेरा वर्षांचा. या वयाच्या मुलांना कॅन्सरच्या उपचारांतल्या मधल्या जोरदार टप्प्यात डेक्सा सलग 21 दिवस देण्याऐवजी एक आठवडा देऊन, एक आठवडा थांबून, पुन्हा एक आठवडा दिलं तर हा त्रास कमी होतो, असं अमेरिकेतल्या चाचण्यांत दिसलंय. तू पाठवलेल्या कागदांवर ओंकारलाही तसंच दिलेलं आहे. तरी काही मुलांना होतंच. आणि एक विनवणी: घाबरून स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका. कमी करायच्या की थांबवायच्या, ते कॅन्सरचे डॉक्टरच ठरवतील. रक्ताचा आजार उलटला तर खुब्याचं कौतुक कोणाला?

उपचारांचं खरं सांगते, एका इंजेक्शनने बरं होईल असं काही नाही. झोलेड्रॉनेट नावाचं औषध सलाइनमधून देतात. त्याने ठिसूळ हाडं बळकट होतात, बऱ्याच मुलांचं दुखणंही कमी होतं. पण खचायला आलेला माथा त्याने वाचतोच, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. ते सुचवलंच तर आधी दात तपासून घ्या, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व बघून घ्या. पहिल्या डोसनंतर ताप येऊ शकतो, पण "इंजेक्शनचाच असेल" म्हणून घरी बसू नका. केमोतल्या मुलाचा ताप म्हणजे लगेच वॉर्डला फोन. माथा अजून खचला नसेल तर काही वेळा हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. फारच बिघडला तर पुढे सांधा बदलायची वेळ येते, पण ती चर्चा आज नको.

तोवर तिसऱ्या मजल्यावरची चढउतार कमी करा, उड्या आणि क्रिकेट बंद. मुंबईला जाताना पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत उभं नका करू त्याला, गाडी करा, पैसे मी पाठवते. आईला सांग, हाडवैद्य नको, रगडून मालिश नको. नागलीची भाकरी खुशाल द्या, चांगलीच आहे; मेलेलं हाड मात्र तिने जिवंत होणार नाही. दुखलं म्हणून मेडिकलमधून ब्रुफेन आणू नका, प्लेटलेट कमी असताना रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉलही आधी ताप मोजून आणि विचारून, नाहीतर ताप झाकला जातो.

रविवारी फोन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही दोघं बाहेर जा. मला त्याची माफी मागायची आहे, ती आईसमोर नको.

तुमची,
मनू

ता. क. कुबड्या घेतल्यात तर काखेत रुतू देऊ नका, दोन-तीन बोटं जागा हवी. भार तळहातांवर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. तुम्ही खालच्या पायरीवर उभं राहा.