नवे ऑफिस सॉफ्टवेअर टाकल्यापासून संगणक मंदावल्याबाबत तक्रार

कराड, जि. सातारा
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ८ डिसेंबर २०२५ रोजी घेतलेल्या ऑफिस सॉफ्टवेअरमुळे संगणक संथ झाल्याबाबत, तसेच न विचारता टाकलेल्या जादा प्रोग्रॅमबाबत.

महोदय,

कराड न्यायालयासमोर माझे टायपिंगचे दुकान आहे. प्रतिज्ञापत्रे, वाटणीपत्रे, खरेदीखतांचे मसुदे, वारस नोंदीचे अर्ज ही कामे मी बावीस वर्षे करते आहे. घर याच कमाईवर चालते. दुकानात दोन संगणक आहेत. एकावर मी बसते, दुसऱ्यावर मदतीला असलेली मुलगी बसते. वकिलांकडून येणाऱ्या फाइल जुन्या पॅकेजमध्ये उघडल्या की तक्ते विस्कटायचे, म्हणून मी दोन्ही संगणकांसाठी आपल्या सॉफ्टवेअरचे वर्षभराचे सबस्क्रिप्शन घेतले. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

मुलीच्या संगणकाला ८ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) आहे. त्यावर आपले सॉफ्टवेअर नीट चालते, हे आधीच सांगते. माझ्या संगणकाला ४ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. पण घेण्याआधी मी आपली माहिती वाचली होती. तिथे किमान गरज '४ जीबी रॅम' अशीच लिहिली आहे. तेवढे वाचूनच मी पैसे भरले.

सॉफ्टवेअर टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्रास सुरू झाला. पूर्वी बटण दाबल्यापासून दोन मिनिटांत मी टाइप करू लागायचे, आता नऊ मिनिटे लागू लागली. मी मोबाइलवर वेळ लावून पाहिली आहे, अंदाजाने लिहीत नाही. फाइल उघडायला दिली की पडद्यावर निळे कडे फिरत राहायचे आणि समोर बाकावर बसलेली माणसे माझ्याकडे बघत राहायची.

मी मॅन्युअल मशीनवर शिकलेली आहे. माझी नजर कागदावर असते, पडद्यावर नसते. बोटाने अक्षर दाबले की ते उमटलेच, या विश्वासावर माझा सगळा वेग आहे. १० डिसेंबरला एका शेतकऱ्याचे वाटणीपत्र टाइप करताना गट क्रमांकात एक आकडा चुकला. मी बॅकस्पेस दाबला, काहीच हलले नाही. पुन्हा दाबला, आणखी दाबला. दहा-बारा सेकंदांनी सगळे बॅकस्पेस एकदम लागू झाले आणि गट क्रमांकासकट त्याच्या आधीची चतुःसीमेतली 'उत्तरेस' ही ओळच उडाली. कागद वाचून दाखवताना त्या शेतकऱ्याच्याच लक्षात आले, म्हणून वाचले. तो म्हणाला, "ताई, उत्तरेला माझा भाऊ आहे, तो कुठं गेला?" ती ओळ तशीच राहून कागद नोंदणीला गेला असता तर दोन भावांत आयुष्यभराचा वाद लागला असता, आणि मूळ कारण माझे टायपिंग ठरले असते.

त्याच आठवड्यात दुसरा प्रकार घडला. प्रिंट दिली, काहीच झाले नाही, म्हणून पुन्हा दिली. पहिली प्रिंट बऱ्याच वेळाने आली, ती बरोबर आली. ती काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पाचशे रुपयांचा मुद्रांक प्रिंटरला लावला, तोच अडकून बसलेली दुसरी प्रिंट त्यावर उमटली. एकाच्या मुद्रांकावर दुसऱ्याचा मजकूर! तो मुद्रांक मी माझ्या पदरचे पैसे घालून भरून दिला.

आपल्या मदत केंद्राला मी पाच वेळा फोन केला. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून तीच कहाणी. टेम्प फाइल उडवा, रीस्टार्ट करा, व्हायरस असेल, शेवटी विंडोज फॉरमॅट करा. फॉरमॅट करायला मी नकार दिला, कारण बावीस वर्षांचे मसुदे त्यात आहेत. मग सांगण्यात आले की संगणक जुना झाला आहे, नवा घ्या. तक्रार नोंदीवर तीन वेळा 'निराकरण झाले' असा शेरा मारून ती बंद करण्यात आली. एकदाही मला विचारून बंद केली नाही.

म्हणून माझ्या भाच्याच्या मदतीने मीच शोध घेतला. तो पॉलिटेक्निकला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडली. मी एकही फाइल उघडलेली नसताना डिस्क १०० टक्के आणि मेमरी ९१ टक्के. रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कचाच एक भाग रॅमसारखा वापरते, आणि फिरती तबकडी रॅमच्या मानाने फारच सावकाश चालते. माझी अक्षरे उशिरा उमटत होती ती त्यामुळे. पण रॅम कोण खात होते, हे पाहायचे राहिले होते. स्टार्टअपच्या, म्हणजे संगणक लावताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत आपल्या चार नव्या नोंदी सापडल्या. एक सतत अपडेट शोधणारी. एक सॉफ्टवेअर लवकर उघडावे म्हणून ते आधीच मेमरीत भरून ठेवणारी. एक फाइल सिंक करणारी, म्हणजे त्यांची प्रत इंटरनेटवरून आपल्या सर्व्हरवर ठेवणारी. आणि एक चाचणी मुदतीचे सुरक्षा स्कॅनर. माझ्याकडे विकतचा अँटिव्हायरस आधीपासून आहे, म्हणजे प्रत्येक फाइल उघडताना दोघे दोनदा तपासत होते. यांपैकी एकही मी मागितले नव्हते. मी फक्त टाइप करण्यासाठी सॉफ्टवेअर घेतले होते.

मुलीचा संगणक एसएसडीवर असल्याने त्याने हे ओझे पेलले आणि आम्हाला कळलेही नाही. माझा पेलू शकला नाही.

त्या चारही नोंदी बंद करून संगणक पुन्हा सुरू केला, तर तीन मिनिटांत कामाला लागला. अक्षरे बोटाबरोबर उमटू लागली. मला वाटले, सुटले. २७ डिसेंबरला आपले अपडेट आले आणि चारही नोंदी आपोआप परत चालू झाल्या. त्यानंतर मी पूर्ण सॉफ्टवेअर काढून पाहिले, संगणक पुन्हा दोन मिनिटांवर आला. परत टाकले, परत नऊ. टाकताना 'फक्त लिखाणाचा प्रोग्रॅम हवा' असे निवडण्याची सोय कुठेच नाही. सुरक्षा स्कॅनरच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते, आणि ती चौकट 'पुढे' या मोठ्या बटणाच्या खाली बारीक अक्षरांत आहे. या सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखांसह जोडले आहेत. आता हा संगणक जुना आहे म्हणून संथ आहे, असे मला कृपया कोणी सांगू नये.

संथपणापेक्षाही मला जास्त लागले ते सिंकचे प्रकरण. तो प्रोग्रॅम माझे डॉक्युमेंट्स फोल्डर आपल्या सर्व्हरवर चढवत होता. ११ डिसेंबरला मी तो थांबवला तेव्हा ६,२१२ फाइल गेल्या होत्या, तसा आकडा त्याच्याच खिडकीत दिसत होता. त्या फोल्डरमध्ये लोकांची आधार कार्डे आहेत, घटस्फोटाचे अर्ज आहेत, मृत्युपत्रांचे मसुदे आहेत. एखादी बाई नवऱ्याविरुद्धचा अर्ज माझ्याकडे टाइप करायला येते तेव्हा ती दुकानाचे दार लोटून घेते, आवाज खाली आणून बोलते. तिचा कागद माझ्या दुकानाबाहेर कुठे जाणार नाही, हे मी तिला तोंडाने सांगितलेले असते. माझा तो शब्द आपल्या सॉफ्टवेअरने मला न विचारता मोडला.

ग्राहकाला फसवून पर्याय गळ्यात मारण्याच्या अशा १३ प्रकारांबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. आपल्या कायदा विभागाने आपला इन्स्टॉलर त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा. आपल्या एका प्रतिनिधीने मला फोनवर असेही ऐकवले की दुकानासाठी घेतले म्हणजे तुम्ही ग्राहक ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये, स्वयंरोजगाराने केवळ पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूचा वापर व्यापारी हेतूचा धरला जात नाही, असे स्पष्टीकरण आहे. वकिलांच्या शेजारी बावीस वर्षे बसले आहे, एवढे मला ठाऊक आहे.

माझ्या मागण्या अशा. माझ्या संगणकापुरते वर्षाचे पूर्ण शुल्क परत करावे. मुलीच्या संगणकाचे सबस्क्रिप्शन मी चालू ठेवीन, पण त्यावरूनही सिंक आणि स्कॅनर कायमचे निघाले पाहिजेत, पुढच्या अपडेटने परत येता कामा नयेत. वाया गेलेल्या मुद्रांकाचे पाचशे रुपये द्यावेत. सर्व्हरवर गेलेल्या ६,२१२ फाइल आणि त्यांच्या प्रती पुसून टाकल्याचे कंपनीच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे, फोनवरचे तोंडी आश्वासन मला चालणार नाही. आणि आपल्या माहितीत '४ जीबी' जिथे लिहिले आहे तिथे खरे लिहावे, की सोबतचे सगळे प्रोग्रॅम चालू ठेवून सुखाने काम करायचे तर ८ जीबी आणि एसएसडी लागते. तालुक्याच्या गावांत माझ्यासारखी कितीतरी दुकाने अजून ४ जीबीवर चालतात. ती माणसे दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खातात आणि दोष स्वतःच्या मशीनला देत बसतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर मराठीत दिले तर बरे होईल. ते कागद मला माझ्या गिऱ्हाइकांना दाखवायचे आहेत.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक आपल्या नोंदणीत आहेत)

सोबत : बिलाची प्रत, टास्क मॅनेजर व स्टार्टअप यादीचे स्क्रीनशॉट, सिंकच्या खिडकीचा फोटो, वाया गेलेल्या मुद्रांकाची झेरॉक्स (दोन्ही पक्षांची नावे झाकून).