भरतीच्या वेळी मांडलेल्या खुर्चीबद्दल

आदरणीय काका आणि काकू यांस,
सादर नमस्कार.

पौष शुद्ध दशमी ते द्वादशी असे तीन दिवस मी आणि माझे वडील आंजर्ल्याच्या खाडीकाठी आपल्या जांभ्याच्या घरात राहिलो. निघताना बाबा इतके गहिवरले होते की आभाराचे शब्द राहूनच गेले. हे पत्र मी सर्वांसमोर लिहिते आहे, कारण गुडघे थकलेल्या आईवडिलांना पक्षी दाखवावेत असे ज्यांना वाटते, त्यांनाही आपली रीत कळावी.

बाबा 78 वर्षांचे आहेत आणि दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना वाळूत चालता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका सहलीत आम्हाला भल्या पहाटे गाडीत बसवून एका पाणथळीवरून दुसऱ्या पाणथळीवर पळवण्यात आले. शेवटच्या दोन ठिकाणी बाबा गाडीतच बसून राहिले आणि त्यांनी पक्षी पाहिले ते सोबत्यांच्या कॅमेऱ्यात. घरी आल्यावर त्यांनी आपली दुर्बीण कपाटात ठेवून दिली, ती परत काढलीच नाही.

आपल्याला मी दूरध्वनी केला, तेव्हा आपण दोनच प्रश्न विचारलेत: बाबांना सलग किती वेळ बसवते, आणि आम्ही कोणत्या तिथीला येणार. मी अष्टमीचा दिवस सांगताच आपण म्हणालात, ‘तेव्हा भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती कमी चढते; दशमीला या.’ त्यामागचा हिशेब आपण पहिल्या संध्याकाळी पडवीत बसून बाबांना समजावलात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. म्हणजे दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. भांगाच्या भरतीत चिखलाचा बराच भाग उघडा राहतो आणि पक्षी विखुरलेले असतात. पौर्णिमेच्या उधाणात सगळा चिखल बुडतो खरा, पण भरती येते दुपारच्या तोंडावर. दशमीनंतर पाणीही पुरेसे चढते आणि वेळही सकाळच्या कोवळ्या उन्हाची असते. कोकणातल्या कोळी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ असलेला हा हिशेब एका म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांसाठी वापरावा, हे आपल्याला सुचले, याचे मला अजून अप्रूप वाटते.

त्या तीन सकाळी बांधावर वेताची खुर्ची, पाठीशी सूर्य, स्टँडवर लावलेली मोठी दुर्बीण आणि काकूंनी पाठवलेला चहा, एवढीच आमची भटकंती होती. पाणी चढू लागले की कांदळवनापुढच्या चिखलातून आधी चिखल्या पक्ष्यांची पळापळ सुरू होई, मग तुतारी उठत, आणि शेवटी लांब बाकदार चोचीचे कर्ल्यू जड पंखांनी येऊन मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर उतरत. कुरव आणि सुरय आधीच तेथे वाऱ्याकडे तोंड करून बसलेले असत. पाऊण तासात सगळी खाडी जणू बाबांच्या समोर येऊन बसे. यातले काही चिखल्या लडाख आणि तिबेटच्या पठारावर वीण करून हिवाळ्यासाठी येथे येतात, हे कळल्यावर बाबा कितीतरी वेळ दुर्बिणीवरून डोळा काढीनात. ओहोटी लागली की थवे पुन्हा चिखलावर पसरत आणि आम्ही काकूंच्या घावनांकडे वळत असू.

दुसऱ्या दिवशी एक पाहुणे त्या पट्ट्यावर होडी नेण्याचा आग्रह धरत होते, कारण त्यांना उडणाऱ्या थव्याचे छायाचित्र हवे होते. आपण आवाज न चढवता नकार दिलात आणि सांगितलेत की भरतीचे हे दोन-तीन तासच या पक्ष्यांना विश्रांती मिळते. एकदा उठवले की परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी विनाकारण खर्च होते. समुद्री गरुडाचे, आपल्या शब्दांत काकणाचे, घरटेही आपण बाबांना लांबूनच दाखवलेत. वर्षानुवर्षे तीच जोडी तेच घरटे डागडुजी करून वापरते, म्हणून त्याची जागा मी या पत्रात लिहीत नाही. मला वाटते, आपण आम्हाला जे दिलेत त्याइतकेच, जे करू दिले नाहीत त्याबद्दलही आभार मानायला हवेत.

काकू, रात्री अंगणातले दिवे मालवून आपण बाबांचा हात धरून त्यांना चिपीची उमललेली फुले दाखवलीत. पांढरी चिपी 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे हे त्यांना वाचून माहीत होते, पण तिची फुले रात्री उमलतात आणि त्यांवर वटवाघळे येतात, हे त्यांनी आपल्याकडूनच ऐकले. कुळथाच्या पिठल्याची आठवण तर ते रोज काढतात.

दुर्बीण आता कपाटात नाही, खिडकीशी टांगलेली आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत बाबांनी माघातल्या प्रत्येक तिथीखाली पाऊणपट करून भरतीची वेळ पेन्सिलीने लिहिली आहे आणि शुद्ध दशमीभोवती गोल केला आहे. त्या दिवशी खोली रिकामी असल्यास कृपया कळवावे, आणि ती वेताची खुर्ची तेवढी राखून ठेवावी.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

आपली कृतज्ञ,
पुण्याहून आलेली पाहुणी