आकडा नव्हे, हेतू

रविवारच्या पुरवणीत विज्ञानकथांमधील वंशसंहारांवर आलेला लेख वाचला. ‘स्टार वॉर्स’ या १९७७ सालच्या चित्रपटातील अल्डरान ग्रहाच्या विनाशाला लेखकाने निःशंकपणे वंशसंहार ठरवले आहे, ते मात्र पटले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ९ डिसेंबर १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराच्या दुसऱ्या कलमानुसार वंशसंहार ठरण्यासाठी एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय वा धार्मिक गटाचा, तो गट म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नाश करण्याचा हेतू असावा लागतो. मृतांच्या किमान आकड्याची अट त्यात नाही. चित्रपटात साम्राज्याचा अधिकारी टार्किन अल्डरानच्या राजकन्येकडून बंडखोरांचा तळ असलेल्या ग्रहाचे नाव वदवून घेतो आणि तो ग्रह प्रात्यक्षिकासाठी फार दूर पडतो म्हणून तिच्या डोळ्यांदेखत अल्डरानच उडवतो. त्याला धाक बसवायचा आहे. अल्डरानवासी हा समाज नकोसा झाल्याची खूण तिथे दिसत नाही, आणि बंडखोरांसारख्या राजकीय गटांना तर या करारात संरक्षणच नाही. हे कृत्य मानवतेविरुद्धचा गुन्हा खचितच ठरेल व तो काही सौम्य गुन्हा नव्हे. (लेखात ‘नरसंहार’ म्हणजे सामूहिक हत्या आणि ‘वंशसंहार’ हे शब्द आलटून पालटून वापरल्याने घोळ वाढला आहे.) जेवताना हा विषय निघाला तेव्हा आमच्या चिरंजीवांनी, ग्रहच उरला नाही तर गट कुठे उरला, असे वरणभात कालवता कालवता विचारले. प्रश्न चोख असला तरी तो परिणामाचा आहे, हेतूचा नाही. पुढील लेखासोबत त्या कलमाचा मराठी अनुवाद चौकटीत छापावा, ही विनंती.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई